आईचं मटण आणि निखिलची ऑर्डर

त्या निखिलचं नाव काढू नका, अजून माझं डोकं फिरतं. आई नागपूरहून आली होती. तिचा मटणावर जीव, म्हणून ह्यूस्टनमधल्या एका अर्जेंटिनियन रेस्टॉरंटमध्ये न्यायचं ठरवलं. तिथं सगळं निखाऱ्यांवर भाजून देतात. ऑफिसातला निखिल म्हणाला, "मीपण येतो, टेबल मी बुक करतो."

जाऊन बसलो. शेजारच्या टेबलावर कोकराच्या बरगड्या चुरचुरतायत, आणि आमच्यापुढे काय आलं? पालक भरलेल्या करंज्या आणि भाजलेला भोपळा!

"काकू, निवांत जेवा," निखिल म्हणाला. "मी आधीच फोन करून सांगितलंय, आपल्यात नॉनव्हेज चालत नाही."

"कुणाच्यात?" मी इतक्या जोरात ओरडलो की वेटर जागीच थबकला. "तुझ्या घरी चालत नाही म्हणजे सगळ्या मराठी माणसांत चालत नाही का? एकदा विचारायचं तरी!"

"यार, चिडतोस काय एवढा?" असं म्हणून तो आईकडे वळला आणि वर अगदी कौतुकानं म्हणाला, "काकू, तुम्ही खाता? तुमच्याकडे बघून वाटत नाही हं!"

माझ्या हातात काटा होता. तो मी खाली ठेवला, नाहीतर काय केलं असतं कुणास ठाऊक.

आईनं मात्र शांतपणे भोपळ्याची प्लेट त्याच्यापुढे सरकवली, वेटरला बोटानं शेजारच्या बरगड्या दाखवल्या, आणि निखिलला म्हणाली, "बाळा, तुझ्याकडे बघून तर तू शिकलेला वाटतोस."