सरपंचाचं रक्त

अजी थांबा नं साहेब, सुई मंग टोचा! पह्यले हे चिठ्ठी पाहा. तुमीच लिवली नं? ‘पंजाबराव, सरपंच. रक्तात गर्मीचा (गुप्तरोगाचा) दोष. बायकोला घेऊन येणे.’ आता माह्याकडं पाहा. परवा रक्त देल्लं तो मी होतो का? नाई नं? पंजाबराव मी हावो — तो माहा सालगडी होता, शालिग्राम. हसू नका बाप्पा! तुमी डोणगावच्या बाजारात जीप आनली, भोंग्यावर सांगतलं — अर्ध्या तासात निकाल, सरपंचायनं पह्यले रक्त द्या म्हंजे लोकं भेनार नाईत. बराबर हाये. पन आमच्या घरची रीतच अशी — मालकाले जमलं नाई का गडी जाते. मयत असो, तेरवीची पंगत असो, शालिग्राम माह्या नावानं हात जोडून येते, कोनी नाव ठेवत नाई. मंग रक्तालेच काऊन? अन् गडी कसा, पाह्यला नं? दोन पोते एका खांद्यावर! म्या म्हनलं, याच्याहून चांगलं रक्त कोनाचं निंगन? अन् निंगालं हे!

धाडतो नं त्याले, आजच धाडतो, त्याच्या बायकोले, बनाबाईलेबी धाडतो, चांगल्या सुया द्या. बिचाऱ्याले ठावकीच नाई कायचं रक्त देल्लं — म्या सांगतलं, सरकार ताकद मोजून राह्यलं. चुकलंच माहं. पन वहीतलं माहं नाव तेवढं खोडा. — काय? माहं रक्त देल्याबिगर खोडत नाई? मले काय धाड भरली!

बरं, भेलो. भेलो म्हनूनच त्याले धाडलं. ते खोलीचं दार लोटा आंधी. अकरा वर्सं झाले साहेब, एका जत्रेत बाईकडं गेलतो — एकच डाव, आईची आन! पंधरा रोजानं आंगावर पुटकुया उठल्या. दाखवतो कोन्या तोंडानं? कोकिळेले, माह्या बायकोले, सांगतलं का म्या नवस बोललो, आता वावरातच झोपन. तवापासून वावरात! ते एका शब्दानं बोलली नाई. डबा धाडते, गोधडी धुऊन धाडते. लोकं म्हनतात सरपंच साधू झाला — मले हार घालतात, नारळ देतात! अन् इकडं जरा खाजलं का माहा जीव उडते. तिले रोग लागू नाई म्हनून दूर राह्यलो, मले का घर गोड लागत नाई?

घ्या, टोचा. हलू हो!

झाला का अर्धा घंटा? काच काऊन हलवून राह्यले? दुर्बिनीत काय दिसते? बोला नं बाप्पा, इलेक्शनच्या मोजनीतबी एवढा घाम नाई आला! — काय? पुन्हा सांगा. साफ? काईच नाई? अन् त्या पुटकुया? — घामोया? अकरा वर्सं म्या घामोयापाई...

तिचे केस पिकले साहेब. म्या जवळून पाह्यलेबी नाईत. आता घरी जाऊन काय सांगू — नवस फिटला म्हनू? का खरं सांगू? खरं सांगतलं तं जत्रा सांगा लागन. नाई सांगतलं तं... ते इतले वर्सं काय समजत असन वो, ‘माह्यातच काय कमी हाये’ असं? — हाव, उठतो. बाकीच्यायले बलवा. नाई... जरा बसू द्या.