धक्क्यावरचं जहाज

आमची अलास्काची क्रूझ कोविडमुळे रद्द झाली, तेव्हाचं सांगते. आम्ही नेदरलँड्समध्ये राहतो; तसलंच एक जहाज इथल्या रॉटरडॅमच्या धक्क्यावर अडकून पडलंय असं कळलं. माझा नवरा निखिल म्हणाला, "निदान बघून तरी येऊ."

खाली उभे राहून आम्ही बोलत होतो, तर वर कठड्याशी उभ्या एकाने हाक मारली, "मराठी का?"

तो जहाजावरचा कामगार, रत्नागिरीचा. मी विचारलं, "अलास्का कसं आहे हो?"

"दर उन्हाळ्यात जातो ताई, पण मी लॉन्ड्रीत. तिथे खिडकी नाही." मग त्यानेच विचारलं, "आम्हाला खाली उतरू देत नाहीत. रॉटरडॅम कसं आहे?"

निखिलने त्याचा नंबर घेतला आणि व्हिडिओ कॉलवर त्याला गाव दाखवलं. पूल, ट्राम तो नुसता बघत होता. बाजारात मासळीपाशी मात्र म्हणाला, "इथे जरा थांबा. हा कुठला मासा, विचारा ना."