बर्फातल्या फुलाची घाई

पोरासाठी पोरगी बघायला निघालेली सत्यशीला चौसाळ्याच्या स्टँडवर धारूरच्या गाडीची वाट बघत बसली होती. पिशवीत नारळ होता. तिला धारूरच्या गाडीची वेळ विचारून शेजारी बसलेल्या दोन बायका बोलत होत्या.

“वत्सलाआक्का, नातीला बघायला पाव्हणे आलते म्हणं. काय झालं?”

“काय व्हायचं, छबू! कारखाना सुरू व्हायच्या आत लगीन लावा म्हणले. म्हंजी जोडीनं ऊसतोडीला जातील.”

“मग बराबर हाय की.”

“पोरगी दहावीत हाय. तिनं पाव्हण्यांना मोबाईलवर फूल दावलं. पार उत्तर ध्रुवाकडचं.”

“तिथं तर बर्फ असतोय. फूल येतंय व्हय?”

“येतंय की. जिमिनीला चिकटून बसतंय, अंगावर लव असती. उन्हाळा लई लहान, म्हणून घाईघाईनं फुलतंय अन् बी धरतंय.”

“मग?”

“मग म्हणली, त्याला बर्फ पडायच्या आत उरकायचं असतंय. मला कशाची घाई हाय?”

“अगं बया! अन् पाव्हणे?”

“च्या पिऊन गेले. नवरदेवानं तेवढं फूल पुन्यांदा बघितलं.”

धारूरची गाडी लागली. दोघी उठल्या.

“चला की बाई, तुमाला बी धारूरलाच जायचंय ना?”

सत्यशीलानं पिशवी मांडीवर ओढून घेतली.

“तुमी व्हा पुढं. मला काय घाई न्हाई.”