पहिला घोट सुनेचा

(नागपूर, इतवारीतली एक गल्ली. जिजाबाईंच्या ओसरीवर दवाखान्याच्या नर्स गोपिकाबाई आल्या आहेत. सातव्या महिन्यातली सून शामला भिंतीला टेकून बसली आहे.)

जिजाबाई : ...अन् तुम्ही दवाखान्याच्या बाया त माणूस शिंकला का त्याले खाटेवर निजवता! डोहाळे हायेत तिले, डोहाळे!

गोपिकाबाई : डोहाळ्यांनी डोळे हळदीसारखे होतात, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलंच नाही बघा.

जिजाबाई : बरं, कावीळ म्हणा. खाप्याच्या वैदूकडून काविळीची माळ आणून घातली ना गळ्यात! छातीवर होती, चार दिवसांत बेंबीले टेकली. माळ वाढली का कावीळ उतरली.

गोपिकाबाई : माळेची तब्येत छान सुधारली आहे. सुनेचं काय? शामला, काल काय खाल्लंस?

शामला : भाकरीचा वासच सहन नाही होत, बाई.

जिजाबाई : मी काय म्हणून राहिली? डोहाळे!

गोपिकाबाई : पंधरा दिवसांत या गल्लीत पाच जणींना असले डोहाळे लागलेत. त्यातल्या एकीचं तर लग्न ठरायचंय अजून.

जिजाबाई : अवं माय! पण पोरीच काहून हो? आम्ही बुढे त्याच नळाचं पाणी पितो. मले पाहा, करपट ढेकरबी नाही.

गोपिकाबाई : नळाला पाणी येतं कसं?

जिजाबाई : येते कुठं? ओढा लागते. माह्या मधुकरनं दोन हात खड्डा खणून नळ खाली घेतला, त्याले रबरी नळी लावली. तोंडानं हवा ओढली का धार लागते. डोकं हाय पोराले!

गोपिकाबाई : आणि खड्ड्याला लागून गटार.

जिजाबाई : गटार त पहिलेपासूनच हाय. खड्डा मंग झाला.

गोपिकाबाई : मग गटाराची काहीच चूक नाही. नळी कोण ओढतं? मधुकरराव?

जिजाबाई : आता घ्या! माणसं नळी ओढतीन का? साऱ्या गल्लीत सुनाच ओढतेत, नाहीतर पोरी.

गोपिकाबाई : म्हणजे गटाराचा पहिला घोट त्यांचा. एरवी घरात सगळ्यांच्या मागून जेवायचं, पहिला मान मिळाला तो हा.

जिजाबाई : टोमणे नका मारू, नर्सबाई. शुक्रवारी डोहाळजेवण हाय. पाच सवाष्णी सांगितल्या. तेवढं होऊ द्या, मंग न्या दवाखान्यात.

गोपिकाबाई : कोण कोण येणार?

जिजाबाई : जयवंताची सून...

गोपिकाबाई : ती आमच्याकडे आहे. कालपासून शुद्ध नाही.

जिजाबाई : वामनरावची सून. ते माहेरून येऊन राहिली.

शामला : ते नाही येत, आत्याबाई. नरखेडले वारली. सकाळीच निरोप आला, तुम्ही देवळात होत्या. तिलेबी सातवाच होता.

जिजाबाई : ...मले सांगितलं काहून नाही वं?

शामला : तोंडातून निघेच ना. भेव वाटलं.

गोपिकाबाई : जिजाबाई, आता टोमणा नाही. पोटात मूल असलं की ही कावीळ जीव घेते. सगळ्याच जातात असं नाही, पण घरी ठेवून पाहत बसू नका. बाहेर रिक्षा उभी आहे.

जिजाबाई : ऊठ, शामला. धर माहा हात. हळू. बदलायचं लुगडं राहू दे, ते मी घेते संगं. ...तुम्ही काय लिहून राहिल्या आता?

गोपिकाबाई : चिठ्ठी. तिथे दाखवायला. वय काय हिचं?

जिजाबाई : अठरा. लिहा, अठरा... लहान हाय हो अजून.