राखीव यादीतली तिसरी

तिकिटाच्या रांगेत शिंपीबुवांच्या पुढे एक उंच तरुणी आणि तिचा थोरला भाऊ उभे होते. तिच्या पाठीवर बॅडमिंटनच्या रॅकेटींची पिशवी होती आणि शिंपीबुवांच्या कानांना दुसरं काम नव्हतं.

“म्हणजे स्पर्धेत तुझं नाव नाहीच?”

“राखीव यादीत आहे, दादा. तिसरी.”

“तिघींना पडसं होईल तेव्हा तू खेळणार! मग घरी बसून फोनची वाट बघ की.”

“ऐनवेळी जी तिथे हजर असते, तिलाच घेतात.”

“मागच्या वेळीही हजर होतीस. काय केलंस?”

“दोन दिवस बाकावर बसले.”

“बाकावर बसायला पाच रॅकेटी लागतात? एकतीस वर्षांची झालीस. उद्या शाळेत मुलाखत आहे, मुलांना खेळ शिकवायचा, कायमची नोकरी!”

“शाळा पुढच्या वर्षीही असेल. माझा वेग असेल का?”

“आईला काय सांगू?”

“तिनेच पिशवी भरून दिलीय.”

तेवढ्यात खिडकी आली.

“परतीचं कधीचं देऊ?” तिकीटबाबूंनी विचारलं.

“रविवारी रात्रीचं. अंतिम सामना संध्याकाळी असतो.”

दादाने कपाळावर हात मारला आणि खिडकीत डोकं घातलं.

“कडेची जागा द्या हो, साहेब. हिला पाय लांब करायला लागतात.”