ओळखीच्यांची सरासरी

बाळाचं अंग तापलं होतं. डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत पुढचा नंबर माझाच होता. शेजारी एक आजोबा आणि त्यांची शाळकरी नात बसली होती.

"आजोबा, या काकू आपल्या आधी आल्यात ना?"

"हो. तुला काय करायचंय?"

"गणिताचा गृहपाठ आहे. ओळखीच्यांना किती थांबावं लागतं आणि बाकीच्यांना किती, याची सरासरी काढायची."

"हे कसलं गणित? आमच्या वेळी नळाने हौद भरायचे."

"बाई म्हणतात, नळ कोणाच्या घरी आहे तेही विचारायचं."

"या बाईंची लवकरच बदली होणार."

तेवढ्यात कंपाउंडरने दार उघडलं. "आजोबा, डॉक्टर तुम्हाला बोलावतायत."

"चल गं."

"पण नंबर काकूंचा आहे."

"डॉक्टर माझा विद्यार्थी. गणितात मीच पास केलाय त्याला."

"मग आपल्याला ओळखीच्यांत धरू?"

"आपल्याला धरूच नकोस."

"असं चालत नाही. तुम्ही जा, मी काकूंजवळ थांबते. त्यांना किती वेळ लागतो ते बघायचंय."

"आणि ते वर्गात सांगणार?"

"फळ्यावर मांडायचंय."

आजोबा परत खाली बसले.

"जा हो ताई तुम्ही आत. बाळाला दाखवून या. ही पोरगी मला फळ्यावर चढवेल."