पान सत्तेचाळीसवरचं चित्र

(न्यायाधीशांची खोली. शुक्रवार, जेवणाची सुट्टी.)

लघुलेखक: मॅडम, पुन्हा पान सत्तेचाळीस?

न्यायाधीश: बघू द्या हो. नाक अगदी हुबेहूब काढलंय.

लघुलेखक: नाकाचं काय घेऊन बसलात, या साप्ताहिकानं तुम्हाला खुर्चीत घोरताना दाखवलंय. आणि खाली टाइप करतोय तो मी. माझे कान एवढे आहेत?

न्यायाधीश: अकरा वर्षं समोर बसता, कधी लक्षात आलं नव्हतं. आता दिसतात.

लघुलेखक: करा थट्टा. पण यांच्या छापखान्याला सरकारनं सील ठोकलं ते म्हणे आगीच्या धोक्यामुळे. मग सरकारी वकिलांनी हे चित्र फायलीला कशाला जोडलं?

न्यायाधीश: मी चिडावं म्हणून.

लघुलेखक: मग थोडं चिडा की. मी कधीचा चिडलोय.

न्यायाधीश: तुमच्या चिडण्याला निकालात जागा नाही. घ्या लिहून. ‘अग्निशामक नळकांड्याची मुदत संपली होती, हे खरे. ते बदलण्यास एक दिवस पुरला असता. छापखाना एकोणीस दिवस बंद आहे.’

लघुलेखक: झालं.

न्यायाधीश: ‘मतदारयादीतून गाळलेल्या नावांची बातमी शनिवारी छापून आली. तपासणी रविवारी झाली. त्याआधीची तपासणी नऊ वर्षांपूर्वीची आहे.’

लघुलेखक: रविवारी कामावर आले बिचारे.

न्यायाधीश: ते लिहू नका. ‘आगीची भीती होती, तर कागदाचे गठ्ठे आत ठेवून बाहेरून कुलूप का लावले, याचे उत्तर सरकारी वकिलांना देता आले नाही.’

लघुलेखक: हे मात्र झकास. दोन ग्लास पाणी प्यायले तेव्हा.

न्यायाधीश: ‘सबब, सील आज पाच वाजेपर्यंत काढावे.’ बोटं का थांबली?

लघुलेखक: एक बोलू? रागावणार नसाल तर.

न्यायाधीश: आत्ताच तर चिडा म्हणत होतात.

लघुलेखक: बढतीची यादी सोमवारी सरकारकडे जातेय. पहिलं नाव तुमचं आहे. हाच निकाल पुढच्या आठवड्यात दिला, तर कुणाचं काय बिघडतं?

न्यायाधीश: साप्ताहिक कधी निघतं?

लघुलेखक: शनिवारी. उद्याचा एक अंक बुडेल, एवढंच.

न्यायाधीश: आणि मतदान?

लघुलेखक: परवा.

न्यायाधीश: हं.

लघुलेखक: मॅडम, पाच नको, चार लिहितो. पाचला सील काढणारा माणूस जागेवर सापडत नाही.